खोल्यांची लागवड करणाऱ्या शेठना

रा. रा. शेठ,
मुक्काम तालुका श्रीवर्धन, भरतीच्या रेषेपासून हाकेच्या अंतरावर



पत्र उघड्यावर लिहितेय, कारण तुमच्याकडे सगळं उघड्यावरच चालतं, सांडपाणीसुद्धा. नाव मात्र घालत नाही. एक तर ते मला नीटसं ठाऊक नाही. निघताना तुमच्या मॅनेजरने पैसे मोजून घेतले आणि जो कागद हातात दिला त्यावर ना नाव होतं, ना जीएसटीचा नंबर. डोक्यावर फक्त 'एस्टिमेट' छापलेलं होतं. पैसे चुकते केल्यावरही अंदाजच राहणारं असं बिल दुर्मीळ. आणि दुसरं म्हणजे, नाव घातलं तर तुमचे शेजारी रुसतील. हा मान मिळवायला त्यांनीही काही कमी कष्ट घेतलेले नाहीत.

बुकिंगच्या वेळी तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले होतेत. चिऱ्यांचा गडगा, आत दाट पोफळी, पोफळींवर चढलेले मिरीचे वेल, बुंध्यांमधून जाणारा पाट, आणि पार मागे सुरूंच्या फटीतून चमकणारं पाणी. माझ्या सासूबाईंचं माहेर श्रीवर्धनचं. त्यांनी चष्मा लावला, फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि म्हणाल्या, "हा वादळाआधीचा आहे." तोवर निम्मी रक्कम, 'नॉन रिफंडेबल' या प्रेमळ शब्दासकट, तुमच्या खात्यात पोचली होती.

प्रजासत्ताक दिनाला जोडून आलेल्या सुट्टीत आम्ही डोंबिवलीहून निघालो. मुंबई-गोवा महामार्गाचं काम २०११पासून चालू आहे, त्यामुळे त्याबद्दल तुम्हाला बोल लावत नाही. माणगावला वळलो, म्हसळा ओलांडलं आणि तुमच्या दारात उतरलो.

दारात माड होता. प्लास्टिकचा. खोडाला निळे दिवे, झावळ्यांना हिरवे, आणि मधोमध पिवळ्या दिव्यांचे चार नारळ. ज्या पट्ट्यात लोकांचे पूर्वज नारळाच्या आणि सुपारीच्या बागायतीवर जगले, तिथे तुम्ही दाराशी चीनमधून आल्यासारखा माड रोवलात आणि खाली पेव्हर ब्लॉक टाकलेत. सासूबाई त्याच्याकडे बराच वेळ बघत उभ्या होत्या. मग विचारलं, "याला शिपणं लागत नाही ना?" तुमच्या मॅनेजरला प्रश्न कळला नाही. त्याने 'नाही आजी, स्विच आहे' असं अगदी बरोबर उत्तर दिलं.

संध्याकाळी तुम्ही स्वतः आलात, खुर्ची ओढून बसलात आणि वाडीचं काय झालं ते मनमोकळेपणाने सांगितलंत. ३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ तुमच्याच किनाऱ्यावर चढलं, वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर, आणि दुपारच्या काही तासांत आजोबांनी लावलेली निम्मी बाग आडवी झाली. पोफळ उंच आणि सडपातळ. मोडते ती मधूनच. सरकारने फळबागांना हेक्टरी पन्नास हजारांची मदत जाहीर केली. कोकणात हेक्टरने वाडी असते कोणाची? दहा गुंठ्यांच्या धन्याला त्या हिशोबाने पाच हजार. त्यात पडलेली झाडं उचलण्याची मजुरीही निघत नाही. नवी पोफळ लावली तर सुपारी धरायला पाच-सहा वर्षं, माडाला त्याहून जास्त. हे सगळं तुम्ही सांगत होतात तेव्हा, शेठ, मी खरोखर तुमच्या बाजूची झाले होते. वादळानंतर ज्याने वाडीत चार खोल्या बांधून घर सावरलं त्याला नावं ठेवायची माझी हिंमत नाही.

पण मग तुम्ही पुढचं वाक्य बोललात: "निम्मी वादळाने नेली, उरलेली मी काढली. सोळा खोल्या बसल्या." आणि हसलात. निसर्गाला जे जमलं नाही ते पूर्ण करून दाखवल्याचा अभिमान त्या हसण्यात होता. वादळाला निदान नाव ठेवलं गेलं आणि नुकसानीचे पंचनामे झाले. तुमच्या कामगिरीची कुठे नोंदसुद्धा नाही, म्हणून हे पत्र.

सोळा खोल्यांपैकी आमची 'सी फेसिंग' होती. तोंड समुद्राकडेच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. समुद्र आणि आमच्यामध्ये तुमची पाण्याची काळी टाकी होती एवढंच. टाकीवर कावळा बसायचा. चादर दमट होती, आणि टॉवेलावर दुसऱ्याच कुठल्या तरी लॉजचा शिक्का. जुन्या ओळखी जपणारा माणूस आजकाल विरळा.

आता पाण्याविषयी. शॉवरखाली साबणाला फेस येईना. चहा खारट लागला, तेव्हा आधी वाटलं चुकून मीठ पडलं असेल. मग तुमची विहीर पाहिली आणि तिच्या पलीकडची बोअर पाहिली. समुद्राकाठच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर खाली साधारण चाळीस फूट असतं, असा या शास्त्राचा ठोकताळा. घायबेन आणि हेर्झबर्ग या दोघांच्या नावाने तो शंभराहून अधिक वर्षं शिकवला जातोय. त्याची दुसरी बाजू अशी की उपसून वरची पातळी एक फूट उतरवली, की खालचं खारं पाणी चाळीस फूट वर सरकायच्या तयारीला लागतं. तुमच्या आजोबांना ही नावं माहीत असायचं कारण नव्हतं. ते विहिरीतून वाडीपुरतं पाणी काढत, आणि त्यातलं बरंचसं पाटाने जमिनीतच मुरत असे. तुम्ही सोळा खोल्यांचे शॉवर, सोळा फ्लश, 'रेन डान्स' आणि एक स्विमिंग पूल त्याच विहिरीला लावलेत. वर पूलही असा की त्याचा तळ दिसत नव्हता आणि शेजारी पाटी: 'नायलॉन कॉश्चूम कंपल्सरी'. अरबी समुद्रापासून शंभर पावलांवर हिरव्या पाण्याचं डबकं बांधून त्याला वेशभूषेची अट घालायची, याला कल्पकता लागते. हे झालं जानेवारीत. मे महिन्यात तुमच्याकडे येणाऱ्यांनी चहात काही घालायचंच तर साखर घालून घ्यावी, मिठाची सोय आहे.

शोषखड्डा विहिरीपासून किती अंतरावर आहे हे विचारलं तेव्हा तुम्हाला अचानक फोन आला. सांडपाणी गडग्याखालच्या पाइपातून वाळूत येतं, हे आम्ही मग स्वतःच हुंगून शोधलं. किनारपट्टीच्या नियमांचं मी बोलणार होते, १९९१ची अधिसूचना, २०११ची, २०१९ची, भरतीच्या रेषेपासूनची अंतरं. पण ज्या रेषेवर तुमचं 'बीच कॅफे' उभं आहे तिथे बसून रेषांवर चर्चा कशी करणार?

जेवणाचं सविस्तर लिहायलाच हवं, कारण पॅकेज 'पर हेड' होतं आणि प्रत्येक हेडाला तोंड होतं. दोन्ही जेवणं, नाश्ता, संध्याकाळचा चहा. माणशी २८०० रुपये. मला वाटलं होतं घावने मिळतील, तांदळाची भाकरी, डाळिंब्यांची उसळ, एखादा उकडीचा मोदक. या पट्ट्यात घरोघरच्या खाणावळींत आदल्या दिवशी सांगून ठेवलं की केळीच्या पानावर मोदक येतो, वर तुपाची धार, आणि वाढणाऱ्या काकू 'अजून एक' म्हणून बजावतात. तुमच्याकडे पनीर बटर मसाला होता. नाश्त्याला ब्रेड आणि जॅम, जॅम पुडीतला. रात्री मंचुरियन. आचारी कुठला ते विचारलं नाही. त्याचा दोष नाही एवढं कळत होतं. त्याला जे सामान आणून दिलं जातं तेच तो शिजवतो.

मासे मागितले. भरडखोल तुमच्यापासून फार लांब नाही, तिथे कोळ्यांच्या होड्या लागतात. श्रीवर्धनला जीवना बंदर आहे. जानेवारी म्हणजे मासेमारी बंदीचे जून-जुलै अजून दूर. एवढं असताना ताटात आला तो पांढराफेक, काट्याशिवायचा, चवीशिवायचा तुकडा. सासूबाईंनी एक घास घेतला, बोटांनी उरलेला उलटून पाहिला आणि शांतपणे विचारलं, "हा कुठल्या समुद्रातला?" कुठल्याच नाही, शेठ. तो बासा होता. गोड्या पाण्यातला मासा, तळ्यात पोसलेला, फ्रीझरमधून आलेला. कोळ्यांच्या शेजारी राहून तुम्ही समुद्राचं तोंडही न पाहिलेला मासा पाहुण्यांना 'फ्रेश कॅच' म्हणून वाढलात. तो मासा पहिल्यांदाच समुद्रकिनारी आला असेल. त्याच्या दृष्टीने ती सहलच.

सोलकढी गुलाबी होती. एवढी गुलाबी की पोराने विचारलं, ही रोझ मिल्क आहे का. नारळाचं दूध पावडरचं, हे वाढणाऱ्या मुलाने प्रामाणिकपणे सांगून टाकलं. नारळाच्या वाडीत नारळाची पावडर! यावर सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पेला फक्त ताटापासून लांब सरकवला. माझ्या लग्नानंतर असा सरकवलेला पेला मी फार वेळा पाहिलेला नाही.

त्या मुलाबद्दल एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती उपरोधाने नाही. सकाळी तो चहा आणायचा, दुपारी वाढायचा, संध्याकाळी पूलवर शिट्टी घेऊन बसायचा, रात्री खोल्यांच्या चाव्या सांभाळायचा. ओडिशाचा. चादरी ठेवता त्या खोलीत झोपतो. गिझर बंद होता तेव्हा त्याने न सांगता बादलीने गरम पाणी आणून दिलं, आणि सासूबाईंना पायऱ्या उतरताना हात दिला. तुमच्या 'एस्टिमेट'मध्ये १० टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला होता. सेवा त्याने दिली, चार्ज तुम्ही घेतलात. गिऱ्हाइकाला न विचारता असा चार्ज बिलात घालता येत नाही, असे निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये दिले, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये ते उचलून धरले. मी हे मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, दिल्लीचं दिल्लीत." १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर मात्र डोंबिवलीहूनही लागतो, आणि तुमच्याकडूनही.

रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावायला मनाई आहे हे देशाला २०००पासून माहीत आहे. तुमच्या डीजेला बारा वाजताही नव्हतं. तेही एक वेळ सोसलं असतं. पण वाळूवर रोखलेले ते दोन हॅलोजन कशासाठी? 'नाइट बीच' असं तुमचं उत्तर. जानेवारी हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या या किनाऱ्यांवर अंडी घालायला येण्याचा काळ. मादी अंधारात येते, वाळूत खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, झाकते आणि परत जाते. उजेड आणि गोंगाट असला की अर्ध्यातूनच वळते. पुढे दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडली की ती सर्वांत उजळ दिसणाऱ्या बाजूला चालू लागतात. लाखो वर्षं ती बाजू समुद्राची होती. आता ती तुमच्या हॅलोजनांची आहे. तुमच्याच गावातली पोरं आणि वनखात्याची माणसं पहाटे किनारा तुडवून अंडी शोधतात, कुंपणात नेऊन जपतात. ती पोरं तुमच्या गेटवरून जाताना त्या दिव्यांकडे कशी बघत होती ते मी पाहिलं. त्यातच तुमची भाड्याची एटीव्ही वाळूवर दिवसभर घिरट्या घालत असते.

सावित्रीच्या खाडीपलीकडे वेळास आहे, मंडणगड तालुक्यात. तिथल्या लोकांकडे ना पूल, ना रेन डान्स. ते पाहुण्यांना आपल्या घरात उतरवतात, स्वतः खातात ते खायला घालतात आणि पहाटे उठवून कासवाची पिल्लं समुद्रात जाताना दाखवतात. वादळ त्यांच्यावरूनही गेलं होतं. पुढच्या वेळी आमचं बुकिंग तिकडे आहे. सासूबाईंनी फोन स्वतः केला, आणि पलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न काय विचारला माहीत आहे? "भात कुठला लागतो तुम्हाला, उकडा की सुरई?" माणसं किती, ते नंतर.

कळावे,
चार हेडांपैकी एक

ता. क. टीव्हीच्या रिमोटसाठी घेतलेलं पाचशे रुपये डिपॉझिट परत मिळालेलं नाही. मॅनेजरचं म्हणणं, रिमोट तपासावा लागेल. रिमोट जागेवर आहे. आम्ही आलो तेव्हा त्यात सेल नव्हते. श्रीवर्धनच्या बाजारातून आणून घातलेले दोन सेल रिमोटसकट तुमच्याकडे राहिले आहेत. तेव्हा पाठवायचे ते पाचशे अधिक सेलांचे चाळीस.