गडग्यावरचा टीआरपी

पहिला नंबर टिपऱ्यांचा, यात वाद नको, असं मी म्हटलं आणि गडग्यापलीकडून लगेच वाद सुरू झाला.

"टिपरे? ते आठवड्यातून एकदा दिसायचे. असल्या पावण्याक पयलो नंबर?"

काकींचं बरोबर की माझं, हे नंतर बघू. आधी हे सांगते की आम्ही दोघी टीव्हीपुढे ठाण मांडून बसणाऱ्या नव्हेत. काल संध्याकाळी सातला वाडीतली लाईट गेली ती साडेदहाला आली, म्हणजे सगळ्या मालिका आटोपल्यावरच. सकाळी मी दोरीवर कपडे घालत होते, काकी पलीकडे अबोली काढत होत्या. हुकलेल्या भागाची हळहळ करता करता विषय निघाला की आजवर बघितलेल्यांत खरी चांगली कोणती? आमच्या कुडाळात दोन घरांच्या मधला चिऱ्यांचा गडगा कोपराएवढा उंच असतो. हात टेकायला बेताचा. एकदा हात टेकले की भाजीवालीचा टेम्पो येईपर्यंत कोणी हलत नाही.

तर टिपरे. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' २००१ साली अल्फा मराठीवर सुरू झाली. दिलीप प्रभावळकरांचं 'लोकसत्ता'त 'अनुदिनी' नावाचं सदर यायचं, त्यातून ती उभी राहिली आणि केदार शिंदेंनी ती दिग्दर्शित केली. आबा, शेखर, श्यामला, शलाका आणि शिऱ्या, बस्स. कोणी कोणाला विष घातलं नाही, कोणाची स्मृती गेली नाही, गॅसची नळी कोणी सैल केली नाही. मी गिरगावात वाढले. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, आणि चाळीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या दारात आम्ही पोरं 'चिमणराव' बघायला चपला काढून रांगेत बसायचो. तेव्हा चिमणराव झालेले प्रभावळकर पंचवीसएक वर्षांनी आबा होऊन आले. ओळखीचं माणूस म्हातारं होऊन परत घरी आलं, असं वाटलं. आणि गाडी रंगात असतानाच ती मालिका थांबली. लोक अजून मागतायत तोवर उठून जाणं किती जणांना जमतं?

"संपली तेव्हा तुका वायट वाटला?" काकींनी विचारलं.

"वाटलं तर!"

"मगे? वायट वाटता तर संपवचा कित्याक?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकींचा पहिला नंबर 'चार दिवस सासूचे'. ईटीव्ही मराठीवर २००१ ते २०१३, तीन हजारांच्या वर भाग. मी म्हटलं, नावात चार दिवस आणि चालली बारा वर्षं, याला काही अर्थ आहे?

"नाय तर काय! माझ्या चेडवाचा लगीन झाला, नातू झालो, तो शाळेत जाऊक लागलो, तरी रोहिणी हट्टंगडी थंयच. आमची सासू गेली त्या दिवसाक पण ती होती. आता तूच सांग, शेजारी वेळेवर उठान गेलो तर बरा वाटता काय?"

बारा वर्षांत कथा कुठल्या कुठे गेली, माणसं बदलली, सुनांच्या सुना आल्या. पण काकी कथेसाठी बघतच नव्हत्या. मला वाटतं मालिकांवर लिहिणारे, नाकं मुरडणारे आणि आमच्यासारखे नंबर लावणारे, सगळे इथेच चुकतात. आम्ही गोष्ट तपासतो आणि काकी सोबत मोजतात.

शिवाय काकी बघतात कमी, ऐकतात जास्त. संध्याकाळी सात ते दहा म्हणजे रांधायची, वाढायची आणि झाकपाकीची वेळ. टीव्ही बाहेरच्या खोलीत, काकी चुलीपुढे, मध्ये भिंत. तरीही त्यांना सगळं कळतं, कारण मालिका त्यांच्यासाठीच लिहिलेली असते. नीट कान देऊन ऐका. पात्रं एकमेकांना सारखी नावानं हाक मारतात. 'अनिरुद्ध, तू हे काय बोलतोयस?' असं ऐकू आलं की कोण बोललं, कोणाला बोललं आणि बेत काय आहे, ते भाकरी थापता थापता कळतं. खऱ्या घरात नवऱ्याला वाक्यावाक्याला नावानं कोण हाक मारतं? वाईट बाई आली की वाजणारं संगीत वेगळं, चांगली रडायला लागली की बासरी. धक्का बसला की तीनदा ढॅण, आणि प्रत्येक तोंडावर एकेकदा कॅमेरा. तेवढ्यात कढीला फोडणी बसते. परवा जे झालं ते आज कोणीतरी फोनवर कोणालातरी सांगतंच, त्यामुळे एक दिवस हुकला तरी बिघडत नाही. काही लोक याला रटाळपणा म्हणतात. माझ्या मते ही चांगली कारागिरी आहे, फक्त ती रांधणाऱ्या बाईच्या बेतानं केलेली आहे.

या कसोटीवर 'आई कुठे काय करते' वर चढते. डिसेंबर २०१९ ते २०२४, जवळजवळ पाच वर्षं मधुराणी प्रभुलकरांची अरुंधती काकींनी पाठमोरी बसून ऐकली. मूळ बंगाली 'श्रीमोयी', तीच हिंदीत 'अनुपमा' झाली, हे मी सांगितलं तेव्हा काकी म्हणाल्या, "म्हणजे बंगालातल्या बायकांचे घोव पण तसलेच."

आणि याच कसोटीवर माझी लाडकी 'असंभव' खाली घसरते. सतीश राजवाडेंचं दिग्दर्शन, चिन्मय मांडलेकरांचं लेखन, पुनर्जन्माचं कोडं, वाडा, नीलम शिर्केंची सुलेखा. मी तिला दुसरा नंबर दिला होता.

"तेका बसान बघूचा लागता," काकींनी निकाल दिला. "मगे बांगडे कोण परततलो?"

दुसऱ्या नंबरावर काकींनी 'रात्रीस खेळ चाले' आणून बसवली. त्यात मला बोलायची सोय नाही, कारण काकींचं माहेर आकेरीजवळ, आणि मालिकेतला नाईकांचा वाडा आकेरीतला. २०१६मध्ये पहिलं पर्व आलं तेव्हा कोकणची बदनामी होते म्हणून ओरड झाली होती, आणि ओरडणाऱ्यांत काकी पुढे होत्या. भुताखेतांपलीकडे आमच्याकडे काही नाही काय, असा त्यांचा सवाल. शिवाय ती मालवणी. "आमची आजी अशी बोलणा नव्हती. अर्धी मालवणी, अर्धी दादर." पण रात्री साडेदहाला दारं लावून बघायच्याच. पहिल्या पर्वाची सुरुवातच अण्णा नाईकांच्या मरणानं. दुसरं पर्व २०१९मध्ये आलं ते मागच्या काळातलं, त्यात अण्णा जिवंत. माधव अभ्यंकरांचे ते वटारलेले डोळे आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता. तिथून पुढे काकींचा सूर बदलला.

"मेल्यावर मोठो झालो असो तो एकच," त्या म्हणाल्या.

आकेरीचं रामेश्वराचं देऊळ जुनं, देखणं. मालिकेनंतर गाड्या यायला लागल्या त्या आधी वाड्याचा रस्ता विचारायच्या. काकींच्या भावानं म्हणे सगळ्यांना आधी देवळाकडेच पाठवलं. वाडा काय, तिथेच आहे, पण आधी गावाच्या मालकाला भेटून या. माझं मत विचाराल तर दुसरं पर्व दुसऱ्या नंबराला शोभेल, पहिलं नाही, आणि २०२१मधलं तिसरं आलं नसतं तरी चाललं असतं. हे मी मोठ्यानं बोलले नाही. गडग्यापलीकडून आम्हाला नारळ येतात.

मग मी माझं अस्त्र काढलं. म्हटलं, काकी, तुम्हाला लांबलेलं आवडतं ना, मग 'होणार सून मी ह्या घरची' कितवी? तेजश्री प्रधानची जान्हवी आठवते? सहा सासवा, एक श्री, आणि ते बाळंतपण. अख्खा महाराष्ट्र दिवस मोजत होता. बाळ काही येईना.

काकी गप्प झाल्या. गोठ्याकडे बघून म्हणाल्या, "आमची म्हस पण धा म्हयन्यात व्याली."

म्हणजे सोबतीलाही काही मर्यादा असते, हे त्यांनी तिथे कबूल केलं, असं मी धरून चालले. लगेच 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' पुढे सरकवली. २०१२च्या जानेवारीत घना-राधा आले आणि वर्ष संपायच्या आत गेलेही. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी, खोट्या लग्नाचं खरं लग्न झालं की विषय संपला. काकींनी तिसरा नंबर दिला, पण 'रडूक कमी' असा शेरा मारून.

'रामायण' कितवं, यावर मात्र चर्चाच झाली नाही. १९८७मध्ये काकी लालबागला दिराच्या खोलीत राहायला होत्या. रविवारी सकाळी साडेनऊला खोलीत चाळीस माणसं, टीव्हीला हार, समोर निरांजन. पुढे टाळेबंदीत, २८ मार्च २०२०पासून, दूरदर्शननं ते पुन्हा दाखवलं, तेव्हा त्याच काकी इथे पडवीत एकट्या हात जोडून बसल्या होत्या. मी म्हटलं, चित्रीकरण उंबरगावचं, डहाणूच्या जरा पुढे गेलं की आलं. त्यांना त्याचं काही नाही.

"देवांक नंबर देवचो नाय," एवढंच म्हणाल्या.

'सारेगमप'च्या लिटिल चॅम्प्सनाही त्यांनी स्पर्धेतून बाहेर काढलं, पण वेगळ्या कारणानं. ती मुलं म्हणजे घरचीच. फेब्रुवारी २००९मध्ये आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली तेव्हा काकींनी आरवलीच्या प्रथमेश लघाटेसाठी दोन दिवस सुतक पाळल्यासारखं तोंड केलं होतं. कोकणातला पोर, त्यात नाट्यगीत गाणारा. डिसेंबर २०२३मध्ये त्याचं आणि मुग्धा वैशंपायनचं, म्हणजे त्या छोट्या मॉनिटरचं लग्न झालं, तेव्हा काकींनी आमच्याकडे लाडू पाठवले. आमंत्रण नसलेल्या लग्नाचे लाडू मी पहिल्यांदाच खाल्ले.

एवढ्यात मागच्या घरातली कॉलेजवाली मुलगी दूध न्यायला आली. तिनं सांगितलं, टीव्हीवर रात्री लागणारा भाग ॲपवर पैसे भरले की आधीच बघता येतो, आणि काल वाडीत लाईट नव्हती तरी तिनं 'ठरलं तर मग'चा भाग मोबाईलवर बघितला. सायलीचं काय झालं ते सांगू का?

"तोंड उघडशीत तर दूध मेळाचा नाय," काकी म्हणाल्या.

यात काकींना राग यायचं काय कारण, ते मुलीला कळेना. पण ज्याची दिवसभर वाट बघायची ते सकाळीच समजलं तर बांगडे परतताना ऐकायचं काय? तिनं आम्हाला आणखी एक प्रश्न टाकला, की दर गुरुवारी हे टीआरपीचे आकडे येतात ते येतात कुठून? मी समजावलं, ठरावीक घरांत मीटर बसवलेले असतात, त्यावरून सगळ्यांचा अंदाज काढतात. काकींनी वाडीतली घरं बोटांवर मोजली. एकाही घरात मीटर नाही.

"म्हणजे आमका कोणी विचारल्यानच नाय! आणि आमच्यासाठी म्हणान तेनी तां सगळा लांबवल्यानी?"

चौथ्या नंबरासाठी हास्यजत्रा की 'चला हवा येऊ द्या' असा तिढा पडला. मी हास्यजत्रेच्या बाजूची. समीर चौघुले नुसते उभे राहिले तरी मला पुरतं. काकी भाऊ कदमच्या. मालिका नसलेल्यांना मालिकांच्या यादीत घ्यायचं की नाही, यावर थोडं बोलणं झालं आणि टेम्पो येईना म्हणून अजून थोडं झालं.

काका इतका वेळ पडवीत वर्तमानपत्र धरून होते. त्यांचं एक पक्कं आहे, ते मालिका बघत नाहीत. बातम्या बघतात. बायकांच्या त्या रडारडीला त्यांच्याकडे वेळ नाही, हे त्यांनी आम्हाला आजवर अनेकदा ऐकवलं आहे. आमचं बोलणं पाचव्या नंबरावर आलं, तिथे मी 'माझ्या नवऱ्याची बायको' सुचवली, नागपूरच्या राधिकासाठी. अनिता दातेनं मसाल्यांचा धंदा उभा केला तो भाग मला मनापासून आवडला होता. काकी म्हणाल्या, राधिका बरी, पण त्या शनायाची नटी मध्येच बदलली आणि तिथून मजा गेली. मी म्हटलं, हो, रसिका सुनील गेली आणि ईशा केसकर आली, ती शेवटपर्यंत तीच.

"शेवटपर्यंत नाय," वर्तमानपत्रामागून आवाज आला. "२०२०मध्ये रसिका सुनील परत इली. आणि मसाल्याची कंपनी सुरू झाली तेव्हा..."

काकींनी अबोलीची परडी गडग्यावर ठेवली आणि कमरेवर हात घेऊन वळल्या.