स्थळनिश्चयमीमांसा

मराठीत ‘स्थळ’ हा शब्द दोनच प्रसंगी गंभीरपणे उच्चारला जातो. एक लग्न जमवताना, दुसरा सहल ठरवताना. दोन्हीकडे स्थळ ‘पाहतात’, दोन्हीकडे त्यात खोट काढतात, आणि जिच्यासाठी हा सारा खटाटोप तिला चहाचा ट्रे फिरवण्यापलीकडे काम नसते. या साम्याकडे पूर्वसूरींचे दुर्लक्ष झालेले दिसते. ती उणीव दूर करण्यासाठी आमच्या आजीच्या सहस्रचंद्रदर्शनानिमित्त खामगावच्या घरात तीन महिने चाललेल्या वादाचे हे साधार विवरण.

कालविचार

स्थळाआधी काळ. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाचा हा सोहळा. एक चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांहून किंचित मोठा, म्हणजे हजार मासांचे 29,530 दिवस आणि वय सुमारे 80 वर्षे 10 महिने. गुरुजी मात्र ऐंशी पुरी झाली की एक्याऐंशीव्यातला सोयीचा मुहूर्त काढून देतात. त्यावर आमच्या इंजिनिअर चुलतभावाने आक्षेप घेतला: ‘दर्शन’ म्हणजे प्रत्यक्ष दिसणे, आणि चौमासात आपल्याकडे चंद्र ढगाआड असतो. ते चार महिने वजा केले तर हजार दर्शनांना साधारण 119 वर्षे लागतात. तोवर थांबू या, असे तो अमेरिकेतून म्हणाला. त्याला रजा मिळत नव्हती.

लक्षणविचार

उत्तम स्थळाचे लक्षण काय? मोठे बाबा म्हणाले, ‘सर्वांना सोयीचे ते स्थळ.’ हा सरळ असंभव दोष. असे स्थळ पृथ्वीवर नाही. आत्या म्हणाली, ‘जिथे कमोड आहे ते स्थळ.’ ही अतिव्याप्ती; मग दवाखानाही सहलीचे ठिकाण ठरेल. नातवंडे म्हणाली, ‘जिथे आपण कधी गेलो नाही ते स्थळ.’ ही अव्याप्ती, कारण त्यातून शेगाव गळते, आणि शेगाव गळलेली कोणतीही व्याख्या बुलडाणा जिल्ह्यात टिकत नाही.

अखेर बहुमताने ठरले ते असे: ज्यात पायऱ्या कमी, सावली जास्त आणि परतताना दिवस शिल्लक, ते स्थळ. म्हणजे स्थळ डोळ्यांनी निवडायचे नसून गुडघ्यांनी निवडायचे असते.

पूर्वपक्ष

पहिला पक्ष लोणारचा. उल्कापाताने काळ्या पाषाणात पडलेले हे विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आणि काठापासून दीडशे मीटर खोल आहे. 2020 मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. त्याच्या वयाबद्दल एका कालमापनाचे उत्तर 52 हजार वर्षे, दुसऱ्याचे 5 लाख 70 हजार. एवढी तफावत आमच्या आत्याच्या वयाबद्दलच्या दोन मतांतही नाही. पण दीडशे मीटर उतरणे म्हणजे तेवढेच चढणे, हे कळताच ज्येष्ठ मंडळींनी ‘वरूनच पाहू’ असा ठराव मांडला. त्यावर धाकट्या सुनेने विचारले, ‘पाणी गुलाबी असेल का?’ ते जून 2020 मध्ये मिठात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे झाले होते. मागणीनुसार होत नाही. लोणार पडले.

दुसरा पक्ष सिंदखेडराजाचा. लखुजी जाधवांचा राजवाडा, जिजाऊंचे जन्मस्थान. याविरुद्ध बोलण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती, म्हणून सर्वांनी ‘अवश्य जाऊ’ म्हटले. मराठी कुटुंबात ‘अवश्य जाऊ’ हा नकाराचा सर्वांत आदरयुक्त प्रकार आहे.

तिसरा पक्ष ज्ञानगंगा अभयारण्याचा. चौथा चिखलदऱ्याचा, तो जिल्ह्याबाहेरचा म्हणून आधी आकर्षक वाटला आणि घाटातली वळणे आठवताच मळमळीमुळे बाद झाला. जावईबापूंनी गोवा सुचवला. त्यांना पुन्हा चहा देण्यात आला.

मग शेगाव. कुठूनही निघालेला वाद शेवटी शेगावला पोचतो, हा या प्रांतातला नियम. विरोधकांचे म्हणणे, ‘शेगावला जाणे ही सहल नव्हे, ती सवय आहे.’ समर्थकांचे म्हणणे: गजानन महाराज 1878 साली तिथे प्रकट झाले, तेव्हापासून वऱ्हाडाने दुसरे ठिकाण शोधण्याचे कारणच उरले नाही. शिवाय भक्तनिवास स्वच्छ, शिस्त चोख, आणि स्टेशनवरची कचोरी तळलेल्या मिरचीसकट गरम. दोन्ही बाजू निरुत्तर झाल्या, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून बोलू लागल्या.

प्रमाणविचार

प्रत्यक्ष आणि अनुमान थकल्यावर मोठ्या बाबांनी भेंडवळ हे प्रमाण मानले. जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावी अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात: गोलात अठरा धान्ये, मध्ये खड्डा, त्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे, वर पाण्याची घागर, तिच्यावर पापड, कुरडई, करंजी, भजे, वडा. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही. पहाटे कोणते धान्य हलले, कोणते ढेकूळ विरघळले ते पाहून पीकपाण्याचे आणि राजकारणाचेही भाकीत सांगतात. यात राजकारण बसते, तर सहल का बसू नये?

म्हणून गच्चीवर प्रयोग झाला. परातीत माती पसरली. लोणारला हरभरा, शेगावला ज्वारी, सिंदखेडराजाला गहू, ज्ञानगंगेला तीळ अशी धान्ये नेमली. मध्ये तांब्या आणि त्यावर करंजी. पहाटे मोठे बाबा टॉर्च घेऊन वर गेले. ज्वारी जागच्या जागी, गहू जागच्या जागी, तिळाला मुंग्या लागलेल्या, आणि करंजी गायब. मुंग्यांचा अर्थ गर्दी असा लावण्यात आला. करंजीचा अर्थ सहा वर्षांच्या पणतूच्या हनुवटीवर खोबऱ्याच्या रूपाने सापडला. मूळ विधीला चार ढेकळे लागतात, आमच्याकडे एकही नव्हते. त्यामुळे शास्त्राला दोष देता येत नाही.

दृष्टांत

स्थळनिश्चयाचे एकच यशस्वी उदाहरण जिल्ह्यात नोंदलेले आहे. ‘वॉकर’ नावाचा रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ 2019 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून निघाला, तेलंगणातून फिरून, शेते, रस्ते आणि वस्त्या ओलांडत सुमारे 3,000 किलोमीटर चालला, आणि मार्च 2020 मध्ये ज्ञानगंगेत स्थिरावला. कोणाला विचारले नाही, कोणाचे गुडघे पाहिले नाहीत, कमोडची चौकशी केली नाही. पण त्याला तिथे वाघीण मिळाली नाही. निष्कर्ष उघड आहे: एकमताने स्थळ ठरवायचे तर एकटेच असावे लागते, आणि एकटे असले की ‘कुटुंबासह’ हा शब्द खोडावा लागतो.

सिद्धांत

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी वही भरली. एकोणीस स्थळे, एकोणीस आक्षेप. मी पाने मोजत होतो, तेवढ्यात लसूण सोलत बसलेली आजी म्हणाली, “काहून रे, एवढ्या मोठ्या वहीत जलंब नाही काय?”

जलंब म्हणजे मुंबई-नागपूर लोहमार्गावर नांदुरा आणि शेगावच्या मधले जंक्शन. खामगावच्या कापसासाठी 1870 साली तिथून जेमतेम तेरा किलोमीटरचा फाटा काढला. बोर्डाखेरीज पाहण्यासारखे काही नाही. मोठ्या बाबांनी तसे सांगितलेही.

“मले ठाव हाये,” आजी म्हणाली. “मलकापूरहून वरात आली तवा तिथंच गाडी बदलली व्हती. घुंगट व्हता. काहीच दिसलं नाही. येकडाव पाहाचं राह्यलं.”

“मग आजी, तीन महिने बोलली का नाहीस?”

“मले कोनं इचारलं?”

वहीत हा आक्षेप कोणत्या सदरात घालावा, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

तीन गाड्या करून आम्ही जलंबला गेलो. पायऱ्या कमी, सावली बरी, परतताना दिवस भरपूर. आमच्याच लक्षणात ते चपखल बसत होते. एकवीस फलाट तिकिटे काढली. आजी बाकावर बसली. एक मालगाडी धडधडत निघून गेली. तिने इकडून पाहिले, तिकडून पाहिले, रूळ खामगावकडे वळतात तिथे बराच वेळ पाहिले, मग पदर सावरून मोठ्या बाबांकडे वळली.

“स्थळ बरं हाये,” म्हणाली. “पसंत हाये म्हनून कळवा.”