मालकाची पाच कर्तव्यं

फेब्रुवारी २०१४. सॅन फ्रान्सिस्कोत 'विज्डम २.०' नावाची परिषद भरली होती. तंत्रज्ञान कंपन्यांतली मंडळी आणि ध्यान शिकवणारे आचार्य एका मांडवाखाली आणणारी ही परिषद. व्यासपीठावर गूगलचे लोक होते आणि विषय होता, कंपनीत माइंडफुलनेस कसं रुजवायचं. तेवढ्यात काही माणसं स्टेजवर चढली आणि त्यांनी फलक उलगडला. शहरातल्या भाडेकरूंना घराबाहेर काढणं थांबवा, अशी त्यांची मागणी होती. तंत्रज्ञान कंपन्यांच्या गलेलठ्ठ पगारांमागे शहरातली भाडी धावत सुटली होती आणि वर्षानुवर्षं तिथे राहणाऱ्यांना घरं सोडावी लागत होती. सुरक्षारक्षकांनी फलक ओढून घेतला, माणसांना खाली उतरवलं. मग एका वक्त्याने श्रोत्यांना सांगितलं, की या क्षणाचा उपयोग करून घ्या. आपल्या शरीराकडे लक्ष द्या, संघर्ष समोर आला की आत काय होतं ते बघा. सभागृह शांत झालं. चर्चा ठरलेल्या विषयावर पुढे गेली.

मला या प्रसंगाचा राग येतो, आणि तो श्वासाकडे लक्ष देऊन घालवावा असं मला वाटत नाही.

पश्चिमेत गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत बुद्धाची शिकवण रोजच्या जगण्यात आणण्याचा मोठा उद्योग झाला. अष्टांगिक मार्गातलं सातवं अंग, सम्यक स्मृती, म्हणजेच माइंडफुलनेस, ऑफिसात आलं, शाळेत आलं, मोबाइलवर आलं. त्याच्या आधीची सम्यक वाणी, सम्यक कर्मान्त आणि सम्यक आजीविका मात्र दाराबाहेर उभी राहिली. वास्तविक रोजचं जगणं म्हणतात ते या तिघांतच असतं. माणूस दिवसभर बोलतो, काहीतरी करतो आणि पोटासाठी कमावतो. डोळे मिटून बसतो तो फार तर अर्धा तास.

गृहस्थाच्या कामधंद्याबद्दल बुद्धाने काही सांगितलंच नसतं, तर गोष्ट वेगळी होती. दीघनिकायात सिगालोवाद सुत्त आहे. राजगृहात सिगाल नावाचा तरुण सकाळी ओल्या अंगाने सहा दिशांना नमस्कार करत असतो. मरताना वडिलांनी तसं सांगितलेलं असतं. बुद्ध त्याला दिशांचा नवा हिशेब समजावतो. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे बायकोमुलं, उत्तर म्हणजे मित्र, वरची दिशा म्हणजे श्रमण-ब्राह्मण. आणि खालची दिशा म्हणजे आपल्याकडे राबणारी माणसं. त्यांच्या बाबतीत मालकाची पाच कर्तव्यं आहेत. झेपेल तेवढंच काम नेमून द्यावं. अन्न आणि वेतन द्यावं. आजारपणात काळजी घ्यावी. काही चांगलंचुंगलं आलं तर वाटून खावं. वेळच्या वेळी सुट्टी द्यावी. चाकरांचीही पाच कर्तव्यं त्याच सुत्तात आहेत. त्यांची आठवण करून द्यायला मालकांना कधी सुत्त लागलेलं नाही.

कामाचा बोजा, पगार, आजारपण, वाटा, रजा. आजची कुठलीही कामगार संघटना वाटाघाटींना बसते तेव्हा तिच्या कागदावर याच बाबी असतात. मालकाने चाकराला ध्यानाची खोली बांधून द्यावी, असं सहावं कर्तव्य त्यात नाही.

ॲमेझॉनने नेमकं तेच बांधलं. मे २०२१मध्ये कंपनीने गोदामांत ठेवायची एक पेटीवजा खोली जाहीर केली. नाव 'ॲमाझेन'. एका माणसापुरती जागा, समोर पडदा, पडद्यावर ध्यानाच्या चित्रफिती. कामगाराने आत जायचं, मन शांत करायचं आणि पुन्हा खोकी उचलायला लागायचं. लोकांनी इतकं झोडपलं की कंपनीने त्या खोलीची जाहिरात करणारं ट्वीट काढून टाकलं. त्याच्या महिना-दीड महिना आधीच याच कंपनीने एका खासदाराची जाहीर माफी मागितली होती. आमचे कामगार बाटल्यांत लघवी करतात हे खोटं आहे, असं आधी ठणकावलं होतं. मग मान्य करावं लागलं की गाड्या चालवणाऱ्यांना स्वच्छतागृह मिळण्याची अडचण आहे. ज्या माणसाला लघवीला जायची सवड नाही, त्याला शांत कसं राहायचं हे शिकवणं हा बुद्धाचा अपमान आहे. माणसाचा तर आहेच.

याची सुरुवात वाईट नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. १९७९मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरच्या वैद्यकीय महाविद्यालयात ध्यानाचा अभ्यासक्रम सुरू केला. औषधांनी फारसा उतार न पडणारे, जुनाट दुखण्यांचे रुग्ण तिथे येत. रुग्णालयात चालावं म्हणून त्यांनी त्यातला धर्म जाणूनबुजून बाजूला ठेवला. तिथे ते योग्यच होतं. दुखण्याने रात्ररात्र तळमळणाऱ्या माणसाला आधी शील शिका असं सांगणं क्रूरपणा झाला असता. घोळ पुढे झाला. तेच तंत्र रुग्णालयातून निघालं आणि कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागात जाऊन बसलं. पाठीच्या दुखण्याला मालक नसतो. कामाच्या ताणाला असतो.

अमेरिकी लष्करानेही हे तंत्र उचललं. २००८मध्ये इराकला निघालेल्या मरीन सैनिकांच्या एका तुकडीवर त्याचा प्रयोग झाला. सैनिकाच्या मनावरचं ओझं हलकं व्हावं, याला माझा विरोध नाही. पण पंचशीलातलं पहिलंच शील प्राणघात न करण्याचं आहे, आणि ते त्या अभ्यासक्रमात असूच शकत नव्हतं.

पश्चिमेला शील कुणी शिकवलंच नाही, असं म्हणायला जागा नाही. जोसेफ गोल्डस्टीन, शॅरन साल्झबर्ग ही मंडळी तरुणपणी बोधगयेला येऊन शिकली, त्यांच्या गुरूंमध्ये सत्यनारायण गोएंका होते. परत जाऊन जॅक कॉर्नफील्ड यांच्यासोबत त्यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये बॅरी या गावी केंद्र काढलं. आपल्या इगतपुरीत धम्मगिरीवर गोएंकांच्या विपश्यनेचा जो दहा दिवसांचा वर्ग चालतो, तोच मॅसॅच्युसेट्समधल्या शेल्बर्न फॉल्सलाही चालतो. दोन्हीकडे पहिल्या संध्याकाळी साधक पंचशील घेतो, श्वासाकडे बघायला त्यानंतर शिकवतात. फी दोन्हीकडे नाही; आधीच्या साधकांच्या दानावर नवा साधक जेवतो. पाया आधी आणि भिंत नंतर, असा साधा क्रम आहे हा. ॲपवाल्यांनी भिंत तेवढी उचलली आणि वार्षिक वर्गणीवर विकायला काढली.

पायाविना भिंत कशी कोसळते, हे पश्चिमेतल्या बौद्ध संस्थांनीही पाहिलं आहे. सोग्याल रिनपोछे हे नावाजलेले तिबेटी गुरू. २०१७मध्ये त्यांच्या आठ जुन्या शिष्यांनी पत्र लिहून मारहाणीचे आणि लैंगिक शोषणाचे आरोप केले, आणि त्यांना पद सोडावं लागलं. दुसऱ्या वर्षी शंभाला या बौद्ध संस्थेच्या प्रमुखांवर तशीच वेळ आली. दशकानुदशकं ध्यान करणारी ही माणसं. नुसतं ध्यान पुरेसं असतं, तर हे झालं नसतं.

आता ज्यांनी खरंच करून दाखवलं, त्यांच्याबद्दल. मी हे सदर लिहायला घेतलं ते खरं तर बर्नी ग्लासमन यांच्यासाठी.

ग्लासमन ब्रुकलिनचे ज्यू, विमान-अभियंता, नोकरी मॅकडॉनेल डग्लसमध्ये. लॉस एंजेलिसला जपानी गुरू ताइझान माएझुमींकडे झेन शिकले. १९८२मध्ये न्यूयॉर्कला त्यांनी आपल्या झेन मंडळाचं पोट चालावं म्हणून एक बेकरी काढली, नाव ग्रेस्टन. पुढे ती जवळच्या यॉन्कर्समध्ये गेली. तिथे आजूबाजूला बेकारी, व्यसनं, तुरुंगातून सुटलेली आणि कुठेच काम न मिळणारी माणसं. ग्लासमन यांनी त्यांना ध्यानाला बोलावलं नाही. काम दिलं. पद्धत अशी, की दारातल्या यादीत नाव लिहायचं. जागा निघाली की यादीतल्या पुढच्या नावाला बोलावणं जाणार. मुलाखत नाही, शिफारस नाही. तुरुंगात होतास का, हा प्रश्न नाही. आलेल्या माणसाला आधी प्रशिक्षण मिळतं, त्यात तो टिकला की कायमची नोकरी. बेन अँड जेरीजच्या आइस्क्रीममध्ये पडणाऱ्या ब्राउनी ही बेकरी करते. आम्ही ब्राउनी भाजायला माणसं ठेवत नाही, माणसं ठेवता यावीत म्हणून ब्राउनी भाजतो, असं तिथे म्हणतात. बेकरीच्या जोडीने बेघर कुटुंबांसाठी घरं उभी राहिली, कामावर जाणाऱ्या आयांसाठी पाळणाघर आलं, एड्स झालेल्यांसाठी निवास आला.

तुरुंगातून सुटलेल्या माणसाला कुणी विचारत नाही, या जगाच्या रिवाजाविरुद्ध उभी केलेली ही सम्यक आजीविका आहे. दरोडेखोर अंगुलिमालाला संघात घेणाऱ्या बुद्धाला ही बेकरी ओळखीची वाटली असती. गूगलच्या माइंडफुलनेसपेक्षा बेकरीच्या दारातल्या या यादीत मला अधिक बौद्ध आचरण दिसतं.

सॅन फ्रान्सिस्कोतही, जिथे तो फलक ओढून घेतला गेला त्याच शहरात, १९८७मध्ये इसान डॉर्सी या झेन भिक्षूने आपल्या मंदिराचं दार एड्सने मरणाऱ्यांना उघडलं. त्या काळी अशा रुग्णाला हात लावायला लोक घाबरत. डॉर्सी स्वतःही १९९०मध्ये त्याच आजाराने गेले. त्यांनी सुरू केलेल्या सेवागृहाचं नाव मैत्री.

आणि एक धागा थेट आपल्या दारात येतो. ६ डिसेंबर १९५६ला बाबासाहेबांच्या निधनाची बातमी आली, तेव्हा संघरक्षित हे इंग्रज भिक्षू नागपुरात होते. पोरक्या झालेल्या जनसमुदायापुढे ते त्या रात्री बोलले. पुढे १९६७मध्ये त्यांनी लंडनमध्ये आपला संघ काढला. त्यांच्यावरही नंतर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले आणि अखेरच्या काळात त्यांनी जाहीर खेद व्यक्त केला. ते झाकण्याचं कारण नाही. पण त्यांच्या शिष्यांनी १९८०मध्ये ब्रिटनमध्ये करुणा ट्रस्ट सुरू केला. तेव्हापासून तिथली माणसं घरोघरी दार वाजवून देणगी मागतात आणि त्या पैशातून महाराष्ट्रातल्या वस्त्यांत मुलांची शिक्षणं झाली, वसतिगृहं उभी राहिली. अनोळखी दारापुढे उभं राहून दुसऱ्याच्या लेकरासाठी हात पसरणं ही मला डोळे मिटून बसण्याहून कठीण साधना वाटते.

आपल्याकडे विहारात वंदना होते ती त्रिशरण आणि पंचशीलाने. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात लाखोंनी ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांत चोरी न करणं आहे, खोटं न बोलणं आहे, दारू न पिणं आहे, माणसं समान मानणं आहे. वस्तीतल्या ज्या आजीने आयुष्यात एकही ध्यानशिबिर केलेलं नाही, तिला हे पाठ असतं. बुद्ध रोजच्या जगण्यात कसा आणायचा हे शिकायचं, तर पश्चिमेतल्या कंपन्यांनी तिच्याकडे यावं.

हिंजवडीपासून न्यू जर्सीपर्यंत हे सदर वाचणाऱ्यांत साहेब झालेले पुष्कळ जण आहेत. ऑफिसातल्या ध्यानाच्या सत्राचं आमंत्रण आलं तर जरूर जा. पण तुमच्या हाताखालच्या कुणाची रजा तुमच्या सहीसाठी अडली असेल, तर ती आधी मंजूर करा.