वादळपंत

वादळाला नाव मिळालं की वादळपंतांच्या अंगात येतं.

ब्रिटनचं हवामान खातं म्हणजे मेट ऑफिस. त्याने आयर्लंडच्या हवामान खात्याबरोबर २०१५ साली वादळांची बारशी करायला सुरुवात केली. पहिलं नाव ठेवलं ॲबिगेल. नाव असलेल्या संकटाची लोक जास्त दखल घेतात, हा त्यामागचा हिशेब. दर सप्टेंबरात नवी यादी लागू होते. क्यू, यू, एक्स, वाय आणि झेड ही पाच अक्षरं वगळून वर्णमालेच्या क्रमाने नावं येतात. पंत ती यादी छापून फ्रिजवर चिकटवतात आणि येऊन गेलेल्या प्रत्येक वादळावर काट मारतात. नाताळ आला तरी गाडी सी या अक्षरावरच अडकलेली असली, तर हिवाळ्यात काही दम नाही असं त्यांचं मत पडतं.

पंत म्हणजे कुणी एक गृहस्थ नव्हेत. कॉर्नवॉलपासून ॲबरडीनपर्यंत गल्लीगल्लीत एकेक पंत आहेत. वय साठीच्या पुढे, निवृत्त, बायको सोशिक, जोडघरातलं एक मालकीचं घर, मागे बाग आणि बागेला लाकडी कुंपण. कुंपणाचं प्रकरण मोठं आहे, ते मागाहून. नमुन्यादाखल आपण डर्बीशरचे पंत घेऊ. मुद्दाम त्यांनाच घ्यायचं, कारण ब्रिटनमधलं समुद्रापासून सगळ्यात लांबचं ठिकाण डर्बीशरमध्ये आहे. लांब म्हणजे किती, तर सत्तरेक मैल.

या पंतांकडे होडी नाही, कधी नव्हती आणि बोटीत बसलं की त्यांना उलट्या होतात. तरीही रात्री बारा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी बीबीसी रेडिओ फोरवर दर्यावर्दींसाठी लागणारं हवामानवृत्त ऐकल्याशिवाय ते दिवा मालवत नाहीत. व्हायकिंग, डॉगर, फिशर, जर्मन बाइट अशी सागरी विभागांची नावं निवेदक संथ सुरात वाचत जातो आणि पंत उबदार पांघरुणात डॉगरमधल्या कोळ्यांची काळजी करतात. फिनिस्टेर विभागाचं नाव २००२ साली बदलून फिट्झरॉय ठेवलं, ते त्यांना अजून रुचलेलं नाही. खरं म्हणजे रॉबर्ट फिट्झरॉय पंतांचं कुलदैवत शोभला असता. डार्विनला बीगल जहाजावरून जगभर हिंडवणारा हा कप्तान १८५४ साली नव्याने स्थापन झालेल्या हवामान खात्याचा प्रमुख झाला. १८५९ च्या ऑक्टोबरात ‘रॉयल चार्टर’ हे जहाज अँगलसीच्या खडकांवर फुटून साडेचारशेच्या आसपास माणसं बुडाली, तेव्हा त्याने बंदरांना तारेने वादळाचे इशारे द्यायची व्यवस्था उभारली. १८६१ साली ‘द टाइम्स’मध्ये जनतेसाठी हवामानाचा अंदाज छापून येऊ लागला तोही त्याच्यामुळेच. अंदाज चुकला की लोक त्याची यथेच्छ टर उडवत. ती परंपरा पंतांनी निष्ठेने चालू ठेवली आहे.

त्यासाठी त्यांच्याकडे एक हुकमी पान आहे, मायकेल फिश. १५ ऑक्टोबर १९८७ च्या दुपारी बीबीसीवर हवामान सांगताना हे गृहस्थ हसत म्हणाले, की चक्रीवादळ येतंय असं ऐकल्याचं एका बाईंनी कळवलंय, पण काळजी करू नका, तसं काही नाही. त्याच रात्री दक्षिण इंग्लंडला जे वादळ झोडपून गेलं त्यात १८ माणसं दगावली, दीड कोटी झाडं पडली. केंटमधल्या सेव्हनओक्स गावाच्या नावातल्या सात ओकांपैकी सहा आडवे झाले. तांत्रिकदृष्ट्या ते चक्रीवादळ नव्हतंच, आणि आपण बोललो ते फ्लोरिडाबद्दल, असं फिश पुढे सांगत राहिले. कुणी ऐकलं नाही. डर्बीशरला त्या रात्री फारसं काही झालं नव्हतं, पण पंत ‘सत्त्याऐंशीची रात्र’ अशी काही रंगवतात की ऐकणाऱ्याने नकळत छताकडे पाहावं.

इशाऱ्यांचे रंग तीन. पिवळा, अंबर आणि लाल. पिवळ्याला पंत किंमत देत नाहीत. ‘आमच्या लहानपणी याला मंगळवार म्हणायचे,’ असं म्हणून ते वर्तमानपत्र उलटतात. अंबर जाहीर झाला की मात्र त्यांच्या गुडघ्यांचं दुखणं पळतं. टॉर्चचे सेल तपासले जातात, थर्मास धुतला जातो, गरम पाण्याची रबरी पिशवी शोधली जाते. दूध आणि पाव आणायला ते सुपरमार्केटात पोचतात तोवर गावातल्या बाकीच्या पंतांनी फळ्या रिकाम्या केलेल्या असतात. ‘लोक वेड्यासारखी खरेदी करतात,’ असं काउंटरवरच्या मुलीला ऐकवून ते चार लिटर दूध घरी नेतात. घरात माणसं दोन.

लाल इशारा क्वचितच येतो. ६ डिसेंबर २०२४ च्या संध्याकाळी डॅरा वादळासाठी वेल्स आणि नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या सुमारे तीस लाख लोकांच्या मोबाइलवर सरकारी भोंगा वाजला. डर्बीशर त्या पट्ट्यात नव्हतं. वेल्समध्ये राहणाऱ्या धाकट्या भावाचा फोन वाजला आणि आपला वाजला नाही, हे पंतांच्या मनाला लागलं.

मग येतो कचऱ्याच्या डब्यांचा सोहळा. चाकांचे हे उंच डबे म्हणजे ब्रिटिश वादळाचे पहिले बळी. वारा सुटला की ते रस्त्याने मोकाट फिरतात. पंत आपले तिन्ही डबे भिंतीशी उभे करून नायलॉनच्या दोरीने आवळतात, त्यावर विटा ठेवतात, दोन पावलं मागे जाऊन बघतात आणि पुन्हा पुढे होऊन आणखी एक गाठ मारतात. समोरच्या घरात मुंबईहून आलेलं मराठी जोडपं राहतं. त्यांनी खिडकीतून हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाई म्हणाल्या, ‘‘अहो, आजोबा कचरा बांधून ठेवतायत. जाऊन विचारा ना, बरं वाटत नाहीये का त्यांना?’’

नवरा गेला. हवामानावर बोलायला नवा श्रोता सापडल्याच्या आनंदात पंतांनी त्याला तिथेच पावसात उभं केलं. डेस्मंड वादळात, ५ डिसेंबर २०१५ ला, लेक डिस्ट्रिक्टमधल्या होनिस्टर खिंडीत चोवीस तासांत ३४१.४ मिलिमीटर पाऊस पडला, हा ब्रिटनचा विक्रम त्यांनी दशांशासकट ऐकवला. कलिन्यात वाढलेला तो माणूस भिडस्त, पण विचारल्यावर त्याला सांगावंच लागलं, की २६ जुलै २००५ ला त्याच्या घराजवळच्या सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर नोंदला होता. पंत थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘हं. तुमच्याकडची गटारं मोठी असणार.’’

पंतांची मोजमापं हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. पाऊस मिलिमीटरमध्ये, बर्फ इंचांत, वारा ताशी मैलांत. थंडी सेल्सियसमध्ये, कारण उणे पाच म्हटलं की भारदस्त वाटतं. उन्हाळा फॅरनहाइटमध्ये, कारण नव्वद हा आकडा तीसपेक्षा मोठा. वर्णनाचं मात्र उलटं. वारा जितका जास्त तितके शब्द मवाळ. शेजाऱ्याच्या छपरावरची कौलं उडत असताना पंत दारात उभे राहून म्हणतात, ‘‘आज जरा वारा आहे, नाही का?’’ झाड गाडीवर पडलं तर ‘‘थोडी गैरसोय झाली.’’ स्कॉटलंडमधले पंत इतके सोवळे नाहीत. ८ डिसेंबर २०११ ला केर्नगॉर्मच्या माथ्यावर ताशी १६५ मैलांचे झोत नोंदले गेले, तेव्हा त्या वादळाला स्कॉटिश जनतेने स्वतःच एक नाव दिलं. शरीराच्या ज्या भागावरून ते दिलं, तो मराठी मासिकात छापण्याजोगा नाही. त्याच वादळात घरांमधून गडगडत जाणाऱ्या एका ट्रॅम्पोलिनची चित्रफीत घरोघर पाहिली गेली. मुलांनी उड्या मारायची ही जाळी ब्रिटनमध्ये बागोबाग असते आणि वादळात ती रेल्वेच्या रुळांवर जाऊन पडते. आगगाड्या ट्रॅम्पोलिनमुळे खोळंबल्याची घोषणा तिथे कुणी हसून ऐकत नाही.

प्रत्यक्ष वादळाच्या दिवशी पंत खिडकीशी असतात. डिसेंबरात चारच्या आत अंधार पडतो, मग ते पडद्याशी येतात. १८ फेब्रुवारी २०२२ ला युनिस वादळात वाइट बेटाजवळच्या नीडल्सवर ताशी १२२ मैलांचा झोत नोंदला गेला, इंग्लंडमधला विक्रमच. लंडनच्या ओटू सभागृहाच्या घुमटाचं कापड फाटून लोंबत होतं. पण पंतांनी तो दिवस काढला हीथ्रोची विमानं बघत. जेरी डायर नावाचा विमानवेडा तिथे गाडीच्या टपावर उभा राहून, तिरकी होत उतरणारी विमानं थेट दाखवत होता आणि एका वेळी दोन लाखांहून जास्त लोक ती पाहत होते. ऑफिसं घरून चालू होती म्हणे. प्रत्येक विमानाने चाकं टेकवली की पंत टाळी वाजवत. एखादं परत वर गेलं की चहा टाकत.

वीज गेली की मात्र चेष्टा संपते. ब्रिटिश घर थंडीत पूर्णपणे बॉयलरच्या जिवावर असतं. त्याला गॅस लागतो, पण पेटायला आणि पाणी फिरवायला वीजही लागते. म्हणजे नळीत गॅस आहे आणि घर गारठलेलं. जुना टेलिफोन वीज नसतानाही चालायचा. आता तो इंटरनेटवर गेला, त्यामुळे दिवा गेला की त्याचीही वाचा बसते. आईवडिलांनी घालून दिलेल्या शिस्तीत काड्यापेटी कुठे ठेवलीय हे माहीत असलेला गल्लीतला एकमेव माणूस म्हणजे पंत. गॅसची शेगडी काडीने पेटवून ते किटली ठेवतात, मोबाइलवरून १०५ क्रमांक लावून तक्रार नोंदवतात आणि पलीकडच्या नव्वदीच्या आजींकडे थर्मास घेऊन जातात. चार लिटर दूध संपतं ते असं.

२०२१ च्या नोव्हेंबरअखेरीस आर्वेन वादळ आलं, तेव्हा असे पंत नसते तर उत्तरेकडे फार हाल झाले असते. तिकडची झाडं पश्चिमेच्या वाऱ्याला सरावलेली, तशीच मुळं धरून उभी. आर्वेनचा वारा आला उत्तरेकडून. झाडं पडली ती तारांवर. सुमारे दहा लाख घरांची वीज गेली आणि काही हजार घरांत ती आठवड्याहून जास्त काळ आली नाही, तीही बर्फाच्या दिवसांत.

आणि याच वादळाने पंतांना आयुष्यभर पुरेल असा मत्सरही दिला. यॉर्कशर डेल्समधलं टॅन हिल इन हे सव्वासतराशे फुटांहून उंचावरचं पब, ब्रिटनमधलं सगळ्यात उंच. तिथे शुक्रवारी रात्री ओएसिसची गाणी गाणारा ‘नोएसिस’ हा नकलाकार बँड वाजवायला आला होता. बर्फाने दार बुजलं, साठांहून जास्त लोक बँडसकट तीन रात्री आत अडकले. त्यांनी कोडी सोडवली, गाणी म्हटली, सिनेमे पाहिले. पंतांना ही बातमी मेणबत्तीच्या उजेडात, बायकोसमोर बसून, रेडिओवर ऐकावी लागली.

आता कुंपण. ब्रिटिश बागेच्या कुंपणात सहा फुटी फळ्यांचे चौकटबंद तुकडे खांबांमध्ये सरकवलेले असतात. वारा त्यांना शिडासारखा पकडतो. प्रत्येक वादळानंतरच्या सकाळी पंत चपला घालून मागे जातात आणि तुकडे मोजतात. एक कमी असतो. तो बहुधा तिसऱ्या बागेत सापडतो. दार वाजवून तो मागायचा, तर आधी या शेजाऱ्याचं नाव माहीत असायला हवं. तेवढी ओळख व्हायला अकरा वर्षं फार कमी पडतात. मग कुंपण नेमकं कुणाच्या मालकीचं, हा वाद निघतो. त्यासाठी घराचे जुने कागद काढले जातात आणि त्यात त्याचा उल्लेख नसतो.

यंदा पंतांनी विमा कंपनीला फोन लावला. चाळीस मिनिटं संगीत ऐकल्यावर पलीकडच्या मुलाने नम्रपणे विचारलं, ‘‘सर, पण वादळ झालं होतं का?’’ पंतांना क्षणभर काही सुचेना. त्यांनी वादळाचं नाव सांगितलं, तारीख सांगितली. मुलगा म्हणाला, विमा कंपन्यांच्या संघटनेच्या व्याख्येप्रमाणे ताशी ५५ मैलांचे झोत असतील तर ते वादळ. तुमच्या जवळच्या केंद्रावर ५२ ची नोंद आहे. शिवाय कुंपण आणि फाटक पॉलिसीत येत नाहीत.

शिवाय पुढचं पंतांनी ऐकलंच नाही. तीन मैलांनी वादळ नाकारलं जातं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. त्याच संध्याकाळी त्यांनी वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र मागवलं. तीन फिरत्या वाट्या, बिनतारी जोडणी आणि स्वयंपाकघरात ठेवायचा छोटा पडदा. बायको म्हणाली, छपरावर लावा. पंत म्हणाले, दावा कुंपणाचा आहे, यंत्र कुंपणावरच हवं.

पुढचं वादळ पंधरा दिवसांनी आलं. पंत वही घेऊन पडद्यासमोर बसले. ४८. ५१. ५३. मागच्या बागेतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला. पंतांनी मान वर केली नाही. पडद्यावर वाऱ्याचा वेग शून्य होता, आणि विमा कंपनीला हे कसं समजावायचं ते त्यांनी वहीत मुद्देसूद लिहायला घेतलं.