रकाना मोकळा सोडू नये

मामा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन लिनक्स टाकून द्यायचं मी कबूल केलं आणि एकच चूक केली. कीबोर्ड त्यांच्या हाती दिला.

पडद्यावर आलं, होस्टनेम. "यजमानाचं नाव मागतोय," मामा म्हणाले. मी म्हटलं, "मामा, यंत्राला काहीही नाव द्या. आधीच 'डेबियन' लिहिलंय, तेही चालेल." मामांनी चष्मा पुसला. "यजमान मी कसा? घर तुझ्या मामीच्या नावावर आहे." एका बोटाने त्यांनी मामीचं नाव टंकलं.

पुढे डोमेन नेम. घरचंच नेटवर्क असेल तर मनाने काहीतरी ठरवा, फक्त सगळ्या संगणकांवर तेच ठेवा, असं तिथे चक्क लिहिलेलं असतं. मामा हादरले. "मनानं? फॉर्मवर?" मोकळा सोडा म्हटलं, तर आणखीच बिघडले. "रकाना मोकळा सोडू नये. मागाहून कुणीही काहीही भरतं." त्यांनी आडवी रेघ मारली. ते पाणी प्यायला उठले तेव्हा मी ती पुसली.

मग रूटचा पासवर्ड.

"रूट म्हणजे कोण?"

"साहेब."

"आणि हा खालचा यूजर?"

"तुम्ही."

"म्हणजे इथंही कारकूनच." मामांनी सुस्कारा सोडला. "साहेबाचा पासवर्ड मामीलाच टाकू दे."

खरं तर काय विचारायचं आणि काय नाही, याचा डेबियनवाल्यांनी बराच विचार केलेला आहे. तिथे प्रत्येक प्रश्नाला वजन असतं, चार पायऱ्यांचं. सगळ्यात खालचा प्रश्न म्हणजे ज्याचं तयार उत्तर जवळजवळ सगळीकडे चालतं. सगळ्यात वरचा, न विचारता पुढे गेलं तर घोटाळा होईल असा. नेहमीच्या पद्धतीत वरच्या दोन पायऱ्यांचेच प्रश्न पुढ्यात येतात. बाकीचे हवेत त्याने 'एक्स्पर्ट' निवडावं. (मामांना मी तो पर्याय दिसू दिला नाही.) देश भारत सांगितला की घड्याळाचं विचारतच नाहीत, कारण आपली वेळ एकच. अमेरिका सांगून बघा, लगेच विचारतील कुठली वेळ. हे मला फार आवडतं. तरी माझ्या मते घरच्या माणसाला तीनच गोष्टी विचाराव्यात: कुठली डिस्क पुसू, नाव काय, पासवर्ड काय. पाहुण्याला साखर किती ते विचारतात. चहा कुठल्या पातेल्यात ठेवू, हे कोणी विचारत नाही.

पार्टिशनला मामांचा आवाज बदलला. "वाटणी? मी जिवंत असताना?" सगळं एकत्रच राहील असा पर्याय दाखवला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. डिस्कवर बदल लिहू का, या शेवटच्या प्रश्नाला 'नाही' हेच उत्तर आधीपासून निवडलेलं असतं. मामा पहिल्यांदाच खूश झाले. "हा माणूस कचेरीत काम केलेला दिसतो."

कुठली सॉफ्टवेअर वापरता त्याच्या पाहणीत भाग घ्याल का, इथेही 'नाही' तयार होतं. पण मामांनी जनगणनेत उन्हातान्हात दारं ठोठावलेली. "होय लिही. आलेल्याला दारातून परत पाठवू नये."

लॅपटॉप आता उत्तम चालतो. नवीन काही टाकायचं झालं की रूटचा पासवर्ड लागतो आणि मामा स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारतात.