आठशे वारांवर डावीकडे

मिल्टन कीन्स,
रविवार, दुपार

ती. आबा आणि सौ. आईस,


गेल्या रविवारी फोनवर आईने मोठ्यांदा विचारलं, "तुमचं त्या बाईवरून चाललेलं भांडण मिटलं का?" पलीकडे सुमनकाकू बसल्या होत्या हे मला मागाहून कळलं. म्हणून हे पत्र. काकूंना निक्षून सांगा, तुमच्या जावयांच्या आयुष्यात दुसरी कुणी नाही. म्हणजे दुसरी, तिसरी आणि चौथीही आहे, पण तिघी मोबाईलमधल्या. रस्ता सांगतात आणि त्याहून जास्त काही करत नाहीत.

मुळात हे सुरू झालं माझ्या लायसन्सपासून. आपलं भारतातलं लायसन्स इथे आल्यावर एक वर्ष चालतं, मग पुन्हा परीक्षा. आबा, तुमच्यासारख्या बस ड्रायव्हरची मुलगी म्हणून मी छाती काढून गेले, पण ही परीक्षा वेगळीच. चाळीसेक मिनिटांची, आणि माझ्या वेळी त्यातली वीस मिनिटं परीक्षकाने डॅशबोर्डवर आपलं रस्ता सांगणारं यंत्र लावलं आणि तो गप्प बसला. यंत्र सांगेल तसं जायचं. २०१७च्या डिसेंबरपासून बहुतेकांना असंच करावं लागतं. मी घाबरून एक वळण सोडलं आणि मनात म्हटलं, संपलं. तर परीक्षक शांत. रस्ता चुकला म्हणून मार्क कापत नाहीत. चुकताना गाडी नीट चालवली का, एवढंच बघतात. मी पास झाले. तुमच्या जावयांच्या मते मला त्याच दिवशी कायमची परवानगी मिळाली, रस्ता चुकायची.

त्यानंतर फोन कुठे ठेवायचा यावर आठवडा गेला. गाडी चालवताना फोन हातात धरला तर २०० पौंड दंड आणि लायसन्सवर ६ पॉइंट. नव्या ड्रायव्हरला पहिल्या २ वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्सच जातं. म्हणजे एकदा फोन उचलला की मी पुन्हा परीक्षेला. म्हणून काचेजवळ स्टँड लावला. आणि स्टँड एकच असल्यामुळे त्यावर कोणाचा फोन, कोणती बाई, हा प्रश्न उभा राहिला.

जावई गूगल मॅप्सवाले. माझं वेझ. चिनूचं म्हणणं, ॲपलचा नकाशा दिसायला सुंदर. त्याला गाडी चालवायची नाही, त्यामुळे तो सौंदर्याकडे बघू शकतो. हाच नकाशा २०१२मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा त्यात इतक्या चुका होत्या की कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी जाहीर माफी मागितली आणि तोवर दुसऱ्यांचे नकाशे वापरा असं स्वतःच सांगितलं. तेव्हा चिरंजीव जन्मालाही आले नव्हते, पण त्याची आठवण काढली की आपणच काढला होता तो नकाशा अशा थाटात चिडतात. आता तो खूप सुधारलाय, हे मात्र खरं.

वेझ आणि गूगल यांची गंमत आईला कळेल. वेझ मूळचं इस्राएलचं. २०१३ साली गूगलने ते विकत घेतलं. तेव्हापासून दोघी एका घरच्या जावा, पण चुली वेगळ्या. एकच प्रश्न दोघींना विचारा, एक म्हणते डावीकडून, दुसरी म्हणते सरळ. वेझचा स्वभाव आळीतल्या बातम्या आणणारीचा. पुढे पोलीस उभा आहे, पुढे खड्डा आहे, कडेला गाडी बंद पडलीय. हे सगळं पुढे गेलेले लोकच तिला सांगतात आणि ती मागच्यांना सांगत सुटते. मला आवडतं, माहेरी असल्यासारखं वाटतं. जावयांना मात्र गाडीत शांतता लागते.

आबा, तुम्ही विचारलं होतंत की पुढे गर्दी आहे हे त्या बाईला इथे बसून कसं कळतं. उत्तर ऐकून तुम्ही हसाल. रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये जे फोन असतात तेच आपली जागा आणि वेग कळवत असतात. पुष्कळ फोन एकाच ठिकाणी रेंगाळले की बाई समजते, वाहतूक तुंबली, आणि रस्ता लाल करते. २०२० साली बर्लिनमध्ये सिमॉन वेकर्ट नावाच्या कलाकाराने ९९ जुने स्मार्टफोन एका छोट्या हातगाडीत भरले आणि मोकळ्या रस्त्यावरून ती ओढत फिरला. गूगलच्या नकाशावर तो रस्ता लाल! तुमच्या वेळी हातगाडीमुळे रस्ता अडायचा तो खरोखरचा. इथे नुसत्या कल्पनेने अडला.

आता भाषेची भानगड. इथे रस्त्यावर अजून मैल आणि वार चालतात. बाई म्हणते, आठशे यार्डांवर डावीकडे. तुमचे जावई मीटरमध्ये वाढलेले, त्यांच्या डोळ्यांसमोर काहीच येत नाही. मला येतं. आई, यार्ड म्हणजे आपला वार. आठशे वार म्हणजे तुझ्या जवळजवळ नव्वद नऊवारी साड्या एकापुढे एक अंथरायच्या आणि शेवटच्या पदराशी वळायचं. एकदा ही युक्ती सापडली आणि माझं वळण चुकायचं थांबलं. जावयांना सांगितली, तर ते चाळिसाव्या साडीलाच वळले.

त्यातून आमचं गाव. इथे सिग्नल कमी आणि गोल चक्करं सव्वाशेच्या वर. रस्त्यांना आडव्यांना एच आणि उभ्यांना व्ही, पुढे आकडा, जसा कुणी आलेखाच्या कागदावर संसार मांडलाय. प्रत्येक चक्कर दुसऱ्यासारखं. बाई म्हणते, तिसरा रस्ता घ्या. मोजायला लागलं की पहिला कुठला धरायचा यावर आमच्यात मतभेद, आणि तोवर आम्ही दुसरी प्रदक्षिणा घालत असतो. एकदा चार झाल्या. चिनूने मागून विचारलं, "आई, इथे देव कुठे आहे?"

आणि नावं. जवळच एक गाव आहे, स्पेलिंगप्रमाणे टाऊसेस्टर म्हणावंसं वाटतं. इथली माणसं म्हणतात टोस्टर. आई, मागे मी फोनवर "टोस्टरला जाऊन येते" म्हटलं आणि तू "दुरुस्तीला का?" म्हणालीस, ते हेच.

पण खरं भांडण झालं ऑगस्टमध्ये, लेक डिस्ट्रिक्टला. कोणत्या बाईमुळे ते मी लिहिणार नाही. सासरच्या माणसाचं नाव पत्रात घालू नये, तसंच हे. आम्ही ॲम्बलसाइडला उतरलो होतो. चिनूला एस्कडेलची छोटी आगगाडी बघायची होती. माथेरानच्या गाडीचे रूळ २ फुटांवर, हिचे फक्त १५ इंचांवर. बाईने दोन रस्ते दाखवले. एक मोठ्या रस्त्याने लांबून, दुसरा डोंगरातून सरळ. जावई म्हणाले, "सरळ जवळ पडतो." गाडी मी चालवत होते.

आबा, त्या रस्त्याचं नाव हार्डनॉट पास. सुरुवातीला पाटी होती, अरुंद रस्ता, कठीण वळणं. मला वाटलं, इथल्या लोकांना पाट्या लावायची हौस. आधी रायनोज नावाची एक खिंड लागली, तिथेच माझी बोलती बंद झाली. मग हार्डनॉट. तीन फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा चढ. एका गाडीपुरती वाट, कडेला कठडा नाही, आणि वळण असं की बॉनेटपुढे फक्त आकाश दिसावं. कुंभार्ली घाटात तुमच्या शेजारी इंजिनच्या झाकणावर बसून मी किती वेळा कराडला गेले, पण पोफळी सोडल्यावर कधी असं पोटात गोळा येऊन बसला नव्हता. पहिला गिअर, मेंढ्या, आणि क्लच प्लेटचा वास.

आणि तेवढ्यात बाई गप्प झाली. नेटवर्क गेलं. जावई म्हणाले, "जीपीएस गेला." मी दातओठ खात म्हटलं, "जीपीएस आहे, नकाशा गेला." हे मला चिनूने शिकवलं होतं. उपग्रह वीस हजार किलोमीटरवर फिरतात, फोन त्यातल्या निदान चारांचं ऐकून आपली जागा काढतो, त्याला इंटरनेट लागत नाही. इंटरनेट लागतं नकाशा आणायला. तो नसेल तर स्क्रीनवर करडा पडदा आणि मध्ये आमचा निळा ठिपका. कुंकू आहे, कपाळ नाही.

समोरून एक लाल गाडी उतरत आली. आत एक म्हातारे गृहस्थ. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा तुमचा घाटातला नियम इथल्या हायवे कोडमध्येही आहे, आणि ते बिचारे त्याप्रमाणे मागे जायला लागले. पण त्यांचं मागचं चाक खडीत फिरायला लागलं. मग मीच मागे घ्यायचं ठरवलं. जावई खाली उतरले. जन्मभर संगणकापुढे बसलेला माणूस, पण त्या क्षणी त्यांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. दोन्ही हात वर, "येऊ दे, येऊ दे, उजवीकडे तोड, येऊ दे... बास!" आणि डिकीवर थापा मारल्या, दोन. मी डबल बेल समजून पुढे निघालेच होते. चिनू ओरडला म्हणून थांबले.

लाल गाडी शेजारून सरकली. म्हाताऱ्यांनी काच खाली केली आणि आमच्या स्टँडकडे बोट करून एकच विचारलं, "त्याने पाठवलं?" मी मान हलवली. ते इतक्या सहानुभूतीने हसले की रडूच आलं. माथ्यावर पोचलो तर नेटवर्क परत आलं आणि बाई गोड आवाजात म्हणाली, जमेल तेव्हा यू टर्न घ्या.

पलीकडे उतरल्यावर एका दुकानात ऑर्डनन्स सर्व्हेचा कागदी नकाशा घेतला. १७९१ साली स्थापन झालेली, नकाशे काढणारी सरकारी मालकीची संस्था ती. त्यात चढाच्या रस्त्यावर बाण छापतात. जरा जास्त चढ असेल तर एक बाण, पाचास एकापेक्षा तीव्र असेल तर दोन. आमच्या त्या रस्त्यावर दोन-दोन बाणांची रांग होती. बाईने मिनिटं मोजली, चढ मोजला नाही. तिला विचारलंच नव्हतं म्हणा. जावयांनी तो नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. लग्नाला चौदा वर्षं झाली, इतका चांगला मौनाचा प्रसंग पहिलाच.

त्या रात्री तुम्हाला फोन केला तेव्हा सगळं ऐकून तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, "क्लच अर्धवट दाबून नव्हतीस ना बसली?" होते, आबा. आणि दुसरं म्हणालात, "ती बाई कंडक्टर आहे. बेल द्यायची, स्टॉप सांगायचा. गाडी तिने कशाला चालवायची?" हे वाक्य जावयांनी ऑफिसात स्वतःचं म्हणून सांगितल्याचं मला त्यांच्या सहकाऱ्याच्या बायकोकडून कळलं.

तर आता आमच्या घरी तह झालाय. सोमवार ते शुक्रवार जावई मोटारवेवरून लुटनला जातात, तिथे दर पाच मिनिटांनी गर्दीचा रंग बदलतो, तेव्हा दोन्ही जावांपैकी जिला वाटेल तिने बोलावं. टोल टाळायचं बटण त्यांनी फोन घेतल्या दिवशीच दाबलंय, ते मी बदलायचं नाही, असं एक कलम आहे. डोंगरात जायचं तर घरच्या वायफायवर आधीच नकाशा उतरवून घ्यायचा. गूगलवरही तेवढा भाग उतरवता येतो. चिनूने मात्र ऑर्गॅनिक मॅप्स नावाचं ॲप लावून दिलंय, ते पूर्णपणे नेटवर्कशिवाय चालतं. ते ज्या ओपनस्ट्रीटमॅपवर उभं आहे तो २००४ साली स्टीव्ह कोस्ट या माणसाने लंडनमध्ये सुरू केला. सरकारी नकाशांचे पैसे पडायचे, म्हणून लोकांनी आपापले रस्ते स्वतःच मोजून काढायला घेतले. आमच्या मागची पायवाट आणि तिच्यावरचं बाकडं चिनूने त्यात घातलंय. येणाऱ्या जाणाऱ्याला तो ते फोनवर दाखवतो. बाकडं खिडकीतूनही दिसतं.

डोंगरात आवाज मात्र बंद असतो. वळण मीच सांगते किंवा ते सांगतात, जो चालवत नसेल तो. कागदी नकाशा दाराच्या कप्प्यात. तुम्ही मेमध्ये याल तेव्हा पुढची सीट तुमची, आणि तुम्ही कुंभार्लीत करायचात तसं वळणाआधी खाकरलात तरी मला कळेल.

आईला गुडघ्याचं तेल चोळायला सांगा. दादाला म्हणावं, नवी गाडी घेतोयस तर आधी आबांना फिरवून आण, मग ॲप लाव.

तुमची,
शुभा

ता. क. आईने पाठवलेलं मेतकुटाचं पार्सल दहा दिवस सापडत नव्हतं. त्याच्यावर आबांनी घराचा नंबर झोकदार मराठीत घातला होता, १. इथल्या माणसाला तो इंग्रजी नऊ दिसला. शेवटी नऊ नंबरच्या आजीबाई स्वतः डबा घेऊन आल्या. त्यांनी तो उघडून पाहिला होता. भिंतीला लावायची पावडर असावी असा त्यांचा अंदाज होता, म्हणून त्यांनी चाखली नव्हती. मी त्यांना गरम भातावर तूप घालून वाढलं. आता दर दोन दिवसांनी येऊन पार्सल आलं का विचारतात. पुढचं पाठवाल तेव्हा दोन डबे पाठवा, आणि आकडा मराठीतच राहू द्या.