आतून कावळा

देहूरोडच्या माणसाला जन्मभर एकच खुलासा करत राहावा लागतो. "देहू? वा, तुकोबांचं गाव!" "नाही हो, देहूरोड. देहू इथून काही किलोमीटर आत." रेल्वेने देहूच्या वाटेवर स्टेशन बांधलं, नावापुढे 'रोड' जोडला आणि आम्ही कायमचे वाटेवर राहिलो. आमच्याकडे लष्कराचा डेपो आहे, कॅन्टोन्मेंट आहे, बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी स्वतः बसवलेली बुद्धमूर्ती आहे. पण समोरचा माणूस विचारणार इंद्रायणीबद्दलच.

आमच्या डान्सच्या सरांचं दुःख याच जातीचं आहे. "डान्स क्लास? वा, लग्नाचे संगीत बसवता ना?" "नाही हो, कंटेम्पररी." बसवतात ते संगीतच. दिवाळीनंतर लग्नसराई लागली की तळेगावपासून चिंचवडपर्यंतचे नवरदेव, करवल्या आणि एकदा तर नवरीचे आजोबा त्यांनी नाचवले आहेत. पण तो पोटाचा प्रश्न. आत्मा कंटेम्पररी.

सरांना ओळखणं सोपं आहे. बाराही महिने अनवाणी, अंगात दोन माणसांची सोय होईल अशी विजार, केसांचा बुचडा, आणि बोलताना हात असे चालतात की चहावाला कप दोन वीत लांब ठेवतो. मोजणी पाचापासून. "फाईव्ह, सिक्स, सेवन, एट!" एक ते चार या आकड्यांवर त्यांचा राग का आहे, हे मला अजून समजलेलं नाही. आमची धाकटी त्यांच्याकडे जायला लागल्यापासून जिना उतरतानाही पाचापासूनच मोजते.

क्लास एका इमारतीच्या गच्चीवर, पत्र्याच्या शेडमध्ये. गेल्या जुलैत मावळातला पाऊस त्या पत्र्यावर असा कोसळत होता की सरांचं 'फाईव्ह' पहिल्या रांगेच्या पुढे जाईना. चार ठिकाणी गळत होतं, चार बादल्या लावलेल्या. त्या बादल्यांकडे बघता बघता सरांना साक्षात्कार झाला. यंदा शाळेच्या गॅदरिंगला चिऊ-काऊची गोष्ट. कंटेम्पररीमध्ये.

पालकांना आनंद झाला. बालवाडीतली गोष्ट, भाड्याने चोची मिळतात, पंख मिळतात, फोटो छान येतात. सरांनी सभा घेतली आणि तो आनंद पाच मिनिटांत संपवला.

"चोच नाही, पंख नाहीत. सगळे काळ्या टी-शर्टमध्ये."

"सगळे?" एका आईने विचारलं. "कावळा तर एकच आहे ना?"

"मॅडम, प्रत्येकाच्या आत एक कावळा असतो."

त्या बाईंनी शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं आणि हे त्यांना पटलेलं दिसलं.

चिऊचं काम सरांनी सातवीतल्या सगळ्यात उंच मुलाला दिलं. कोणी काही बोलायच्या आत त्यांनी पुरावा काढला. मॅथ्यू बोर्न नावाच्या माणसाने १९९५ साली लंडनमध्ये 'स्वान लेक' केलं, त्यात सगळे हंस पुरुष होते. लंडनचा हंस चालतो, मग देहूरोडची चिमणी का नाही? यावर उत्तर नव्हतं. काऊ झाला एका तमिळ घरातला मुलगा. वडील डेपोत. आमच्याकडे डेपोमुळे सगळा देश नांदतो, त्यामुळे निम्म्या मुलांना ही गोष्टच ठाऊक नव्हती. सरांना त्याचं उलट बरं वाटलं. "कोरी पाटी!" असं म्हणून त्यांनी ती पुसायलाही सुरुवात केली.

आमच्या धाकटीला पाऊस मिळाला. एकूण सतरा मुलं पाऊस होती. रोज संध्याकाळी ती घरी येऊन फरशीवर लोळायची. तिसऱ्या दिवशी एकाएकी पोटात गोळा आल्यासारखी वाकली आणि हुंकारली. आजीने धावत जाऊन ओवा आणला. नंतर कळलं की ते 'कॉन्ट्रॅक्शन' होतं. मार्था ग्रॅहॅम या अमेरिकन नर्तकीने सारी नृत्यपद्धती त्याच्यावर उभी केली: पोट आत ओढायचं, श्वास सोडायचा, मग मोकळं व्हायचं. आजीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ओवा घेतला असता तर हेच झालं असतं."

मीही एकदा शहाणपणा करायला गेलो. सरांना म्हटलं, आपल्याकडे हे झालेलं आहे. शांती बर्धन यांनी १९५२ साली मुंबईत लिटल बॅले ट्रूप काढला आणि पंचतंत्रातल्या कावळा, उंदीर, कासव, हरीण या मित्रांच्या गोष्टीवर बॅले रचला. सर खूश झाले. "म्हणजे माझ्याच लाईनचे!" मी म्हटलं, "पण त्यांचा कावळा बघितला की कावळा आहे हे कळायचं." सर क्षणभर दुःखी झाले. "तेव्हाचा प्रेक्षक वेगळा होता," ते म्हणाले.

खरा पेच दारावरून झाला. तालीम बघायला आजी गच्चीवर आली. पावसाने गुडघे सोलून घेतले, शेणाचं घर वाहून गेलं, काऊ चिऊकडे आला. आला तो थेट आतच गेला.

"दार कुठंय?" आजी.

"दार नाहीये, आजी. दार प्रतीकात्मक आहे."

"आणि चिऊचं बाळ?"

"ते काढलं. फार लिटरल होत होतं."

"बाळ नाही, मग ती दार उघडायला इतका वेळ का लावते?"

"तिचा अंतर्गत संघर्ष चाललाय."

"अहो, कसला संघर्ष? बाळाला अंघोळ घालतेय ती!"

आजीच्या बाजूला इतिहास होता. ही गोष्ट तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रातही आहे. तिथे चिमणीच्या जागी साळई येते, पण घरं तीच, एक मेणाचं आणि एक शेणाचं. सातशे वर्षांत त्या दाराला कोणी हात लावला नव्हता. सरांनी ते चौकटीसकट उचकटलं. आजी मात्र हार मानणारी नव्हे. जिन्यातच तिने त्या तमिळ मुलाला गाठलं आणि अख्खी गोष्ट सांगितली, अंघोळ, टीट, पावडर, अंगडं-टोपडं सगळं. तो तोंड उघडं ठेवून ऐकत होता.

गॅदरिंगच्या रात्री निळा उजेड पडला. सतरा पाऊस लोळले. मागच्या रांगेत एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "भूकंप दाखवतायत." काऊ भिजून कुडकुडत पुढे आला. आता त्याने थेट आत जायचं होतं. तो गेला नाही. नसलेल्या दारापाशी थांबला, गुडघ्यावर बसला आणि स्टेजच्या फळीवर बोटांनी ठोठावलं. टक, टक, टक.

पुढे सतरंजीवर बालवाडी बसली होती. त्यातलं कोणीतरी ओरडलं, "थांब!"

त्याने पुन्हा ठोठावलं. आता सगळी बालवाडी ओरडली. बाळाची अंघोळ, बाळाची टीट, बाळाची झोप, एकेक सबब सतरंजीवरून येऊ लागली. उंच चिऊला काय करावं सुचेना. शेवटी तोही मांडीवर बाळ घेतल्यासारखा बसला आणि त्याला थोपटू लागला. टाळ्या पडल्या. विंगेत सर डोळे पुसत होते. "बघितलंत?" ते मला म्हणाले. "प्रेक्षकाला दार फील झालं! मी सांगत होतो ना!"

आठवड्याने मी फी भरायला शाळेत गेलो, तर कार्यालयाच्या दाराबाहेर सर उभे होते. उरलेल्या निम्म्या मानधनासाठी. ते किती वेळ उभे आहेत, हे विचारावं असं मला वाटलं नाही. त्यांनी दारावर हलकेच टकटक केली.

"थांबा हं," आतून आवाज आला, "मॅडम मीटिंगमध्ये आहेत."

थोड्या वेळाने पुन्हा टकटक. "थांबा हं, बिलावर सही व्हायचीय." आणखी थोड्या वेळाने, "थांबा हं, चेकबुक कपाटात आहे आणि किल्ली सरांकडे आहे." आमचे सर खांदे पाडून, मान किंचित वाकडी करून, एका पायावर भार देऊन उभे होते. तालमीत महिनाभर ते मुलांना जे दाखवत होते आणि एकालाही जमत नव्हतं, ते हेच.

"पुढच्या वर्षी काय?" मी विषय बदलला.

त्यांचे डोळे चमकले. "म्हातारी आणि भोपळा! पण भोपळा स्टेजवर आणायचाच नाही. तो नुसता फील झाला पाहिजे."

तेवढ्यात दार बोटभर उघडलं. "सर, तुमचं पेमेंट आता पुढच्या महिन्यात बघू," असं सांगून ते पुन्हा लागलं.

भोपळा मला तिथल्या तिथे फील झाला.